वाफवलेली पऱ्हाटी

चोपड्याहून एरंडोलला निघालो तेव्हा माझ्या मांडीवर डबा होता. इथेनॉलसारखं इंधन करण्याआधी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या काड्या, सोड्यात भिजवून, वाफवून मऊ कराव्या लागतात. तोच लगदा मी तपासायला नेत होतो. वाटेत झाकण सैल झालं आणि बसभर वास सुटला. कंडक्टर म्हणाला, “उतरा खाली.”

शेजारी शेंगा सोलत बसलेल्या अक्का डब्यावर हात ठेवून शांतपणे त्याला म्हणाल्या, “भाऊ, डबा मना शे. बाळंतीणना काढा शे.”

कंडक्टर मागे फिरला. मी अक्कांना डब्यातलं खरं काय ते सांगितलं.

“मना घरवाला बी असाच शे,” त्यांनी पुढच्या बाकाकडे बोट केलं. “वाफ दिधाशिवाय नरम पडत नही. त्याले मी कधी उतारी दिधं का?”

पुढच्या आबांनी टोपी नीट केली, मागे मात्र पाहिलं नाही.