दारातला बूट
कपाट आवरताना अस्तराचा तो एकटा बूट हाताला लागला, की अलास्कातलं ते झाडसुद्धा नसलेलं बर्फाळ गाव आठवतं. मी तिथे शाळेत शिकवायचे. गावात कुणी दाराला कुलूप लावत नसे. अस्वल आलं तर कुणालाही कुठल्याही घरात शिरता यावं म्हणून. एका दुपारी एक अस्वल माझ्याच मागे लागलं. जीव मुठीत घेऊन मी जवळच्या घराशी पोचले आणि दारात चक्क बूट काढायला लागले! परक्याच्या घरात बूट घालून कशी शिरणार? एक निघाला, तेवढ्यात “लीव्ह इट!” ओरडत तिथल्या म्हातारीने मला आत ओढलं. काचेतून पाहिलं, तर अस्वल माझा बूट चावत होतं. आता मी राहते त्या मॉरिसव्हिल शहरात घराचं दार आपोआप लॉक होतं. तो खट्ट आवाज ऐकला की अजून मी वळून दाराकडे बघते: आत्ता कुणी धावत आलं तर?