शिमग्याला बंद राहणारी साइट

नाहूरच्या एका गाळ्यात आमचं होस्टिंगचं छोटं ऑफिस. आम्ही म्हणजे मी आणि माझा भागीदार, ज्याला मी दादा म्हणतो. तेव्हा एकाच सर्व्हरवर केटररपासून वधूवर मंडळापर्यंत सगळ्यांच्या साइट नांदायच्या. प्रोसेसर एक, खाणारी तोंडं भरपूर. म्हणून दादाने प्रत्येकाचा वाटा ठरवून दिला होता. वाटा संपला की साइट बसली, मग ती कुणाची का असेना. वधूवर मंडळाच्या बाई फोनवर तासभर भांडायच्या. दादा ढिम्म.

त्याच सर्व्हरवर दादाच्या कोकणातल्या गावाचीही साइट होती. एका शिमग्याला पालखी घरोघर फिरत होती आणि गावातली मंडळी भराभर फोटो चढवत होती. ते साइटवर मावतील एवढे बारीक करता करता प्रोसेसरला घाम फुटला, त्यात मुंबईतलं निम्मं गाव तेच पान उघडून बसलेलं. पालखी दादाच्या वाडीत शिरली आणि नेमकी तेव्हाच साइट बसली.

दादाची आई समोरच्याच इमारतीत अंथरुणाला खिळलेली होती. आपल्या दारातली पालखी एकदा बघायची, एवढंच तिचं मागणं. तिचा फोन आला. "पालखी इली काय रे दारात?"

"बघतो," म्हणून दादाने फोन ठेवला, पण वाट्याला हात लावला नाही. मला रागच आला. म्हटलं, "वाढव ना यार वाटा. आई आहे तुझी."

"आणि कापू कुणाचा?" तो म्हणाला. मग कीबोर्ड माझ्याकडे सरकवून, "आपली बंद कर."

आपली म्हणजे आमच्या धंद्याचीच साइट. मी ती बंद केली आणि तिचा वाटा गावाला दिला. फोटो दिसू लागले तसा दादा लॅपटॉप काखेत मारून घरी पळाला, मी मागोमाग. आईला उशीला टेकवून बसवलं. तिने लॅपटॉपसमोर खणानारळाची ओटी ठेवली आणि पदराने डोळे पुसले.

पुढे ती प्रथाच पडली. शिमग्याला होस्टिंगवाल्यांचीच साइट बंद म्हणून लोक आमची टर उडवायचे. दादा त्यांना काही सांगायचा नाही.

आता सर्व्हर भाड्याने घेतलेला, लागेल तसा वाटा आपोआप वाढतो. कुणाच्या ताटातलं काढावं लागत नाही. सोयीचं आहे, पण मला ते जुने वाटे फार आठवतात.

यंदाच्या शिमग्याला आई नव्हती. दुपारी दादा माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"आपली बंद कर," म्हणाला.

गरज नव्हती, हे त्यालाही ठाऊक होतं. मी बंद केली.