खांबाजवळचं टेबल

रांगेचं शेपूट कुत्र्या-मांजरांच्या खाण्याच्या रॅकपर्यंत गेलं होतं, आणि तिथे एक पन्नाशीचा गार्ड 'रांग इथे संपते' असा बोर्ड छातीशी धरून उभा होता. सुमिए योकोईने बोर्ड वाचला, रांग पाहिली, आणि पुन्हा बोर्ड वाचला.

"ही कसली रांग?" तिने विचारलं. तिला माहीत नव्हतं अशातला भाग नाही.

"तोकुयाची. रामेनची. आज शेवटचा दिवस ना."

"शेवटचा आहे ते मला माहितीये. दर आठवड्याला येणारी माणसं कुठे उभी राहतात?"

"इथेच," गार्ड वाकून म्हणाला. "माझ्या पुढे."

त्याच्यावर चिडण्यात अर्थ नव्हता, तरी सुमिए चिडली. एकाहत्तर वर्षांच्या गुडघ्यांना उभं राहणं म्हणजे शिक्षा, आणि आज रविवार. तिचा वार गुरुवार. गुरुवारी साडेदहाला, भाजी घ्यायच्या आधी, ती सुपरमार्केटच्या या खाण्याच्या चौकात यायची तेव्हा टेबलांवर दोन-चार म्हातारे आणि एखादा पेंगणारा सेल्समन एवढीच वस्ती असायची. ती तोकुयाच्या काउंटरवर एक साधं रामेन, सुपातल्या नूडल्सचा वाडगा, सांगायची आणि खांबाजवळच्या दोन खुर्च्यांच्या टेबलावर, भिंतीकडे पाठ करून बसायची. पांढुरकं सूप, मांसाची एक चकती, बांबूच्या चार काड्या, वर कांद्याची पात. आणि टोकाला काट्यासारखे दात असलेला इथला चमचा. गावात याहून स्वस्त गरम जेवण मिळत नाही, आणि याहून चांगलं पुष्कळ ठिकाणी मिळतं. हे सुमिएइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण तोकुयाच्या वाडग्यातला एकही दोष तिच्या नजरेतून कधी सुटला नव्हता.

दोष शोधणं हा तिचा धंदाच होता. पंधराव्या वर्षी दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावरून गाडीभर मुलींबरोबर ती इचिनोमियाच्या लोकरीच्या गिरणीत आली, आणि डोळे शाबूत होते तोवर तिथेच राहिली. मागावरून कापड उतरलं की ते उजेडाखाली पसरायचं, बोटांनी चाचपायचं, तुटलेला धागा, गाठ, चुकलेली वीण हुडकायची आणि सुईने असं रफू करायचं की कोट घालणाऱ्याला जन्मात पत्ता लागू नये. चाळीस वर्षं डोळ्यांत तेल घालून तिने हे केलं. नवरा होता तोवर म्हणायचा, बाई, तू लग्नाच्या दिवशीसुद्धा माझ्या बाहीवरची गाठ बघत होतीस. ते खरंच होतं.

गिरणी बंद झाली, नवरा गेला, आणि तिची ती नजर कामाला लावायला तोकुया तेवढं उरलं.

"सूप कोमट आहे आज," ती काउंटरवर वाडगा परत करताना सांगायची.

"जीभच बधिर झाली असेल तुमची, योकोईसान," आतून नोरो म्हणायची.

"आणि ती चकती. आरपार दिसतं त्यातून. पेपर वाचता येईल."

"वाचा की मग. फुकट पडतंय ते."

नोरो साठीची, गोल चेहऱ्याची बाई. सव्वीस वर्षं ती त्या काउंटरमागे होती. दोघींनी एकमेकींचं घर कधी पाहिलं नाही, फोन नंबर घेतला नाही. पण नोरोच्या एप्रनचा खिसा उसवला, स्वेटरला कसर लागली, रुमाल शटरच्या कडीत अडकून फाटला, की सुमिए ती वस्तू न विचारता पिशवीत टाकायची आणि पुढच्या गुरुवारी आणून द्यायची. नोरो ती दिव्याखाली धरायची, उलटसुलट करायची. "होतं कुठे भोक?" असं तिने विचारलं की सुमिएचा तो आठवडा चांगला जायचा.

आता शेवटचं एक रामेन, आपल्या जागेवर, बसून. एवढंच तिला हवं होतं. फार नव्हतं ते.

रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. मागे चाळिशीच्या दोन मैत्रिणी उभ्या होत्या आणि त्यांच्या आठवणींना नुसता ऊत आला होता.

"शाळा सुटली की आपण इथेच यायचो. किती वर्षांनी आले गं मी."

"वीस तरी झाली असतील. बंद होणार म्हटल्यावर रडूच आलं मला."

सुमिए वळली. "वीस वर्षं काय करत होतात?"

दोघींना तो विनोद वाटला. त्या मनापासून हसल्या आणि तिलाच फोन देऊन रांगेतच आपला फोटो काढायला सांगितला. तिने काढला. त्यात दोघींची डोकी अर्धी कापली गेली, ते तिने मुद्दाम केलं नव्हतं, पण दुरुस्तही केलं नाही. हा सगळा लोंढा वर्षातून दोनदा जरी इकडे फिरकला असता तर आज शटर पडलं नसतं. जिवंत असताना विचारपूस नाही आणि आता एवढा पुळका. तिच्या डोक्यात तिडीक गेली.

रांग कोपऱ्यावर वळली तेव्हा तिला चौक दिसला. सगळी टेबलं गच्च भरलेली. फक्त खांबाजवळचं रिकामं होतं, आणि त्याच्या मधोमध एक रुमाल ठेवलेला होता. पांढरा, कडेला निळी रेघ, चौकोनी घडी. असे रुमाल याच दुकानात वरच्या मजल्यावर मिळतात, अर्ध्या गावाच्या खिशात असतात.

म्हणजे कोणीतरी जागा धरली होती. आधी जागा धरून मग रांगेत यायचं, हे सुमिएला कळत नव्हतं असं नाही. पण गुरुवारी साडेदहाला ते टेबल धरावं लागत नसे. कोण धरणार होतं ते? त्या टेबलाचा एक पाय आखूड आहे. त्याखाली गिरणीतल्या करड्या कापडाची घडी आहे, आणि ती सुमिएनेच सारलेली आहे.

काउंटरवर दुसऱ्या शाखेतून आलेली एक मुलगी होती. तिने सुमिएला ओळखण्याचं कारण नव्हतं, आणि तिने ओळखलंही नाही. "एक साधं," सुमिए म्हणाली. मुलीने हातात, वाडगा तयार झाला की वाजणारा बिल्ला दिला. आत, उकळत्या भांड्यापाशी, वाफेत नोरो होती. तिने मान वर केली, सुमिएला पाहिलं, आणि नूडल्स निथळायची जाळी हातात तशीच धरून ती खांबाच्या दिशेने हलवली. एकदा, दोनदा. थेंब उडाले. मग ती पुन्हा भांड्यावर वाकली.

बाजूला व्हा, तिकडे जाऊन उभे राहा. सुमिएला त्याचा एवढाच अर्थ लागला. दिवसभर ती सगळ्यांना तसंच सांगत असणार. पण मी सगळ्यांतली आहे का? इतक्या वर्षांत तोंडातोंडी झाली, पण हाताने हाकललं नव्हतं तिने कधी.

बिल्ला वाजला. सुमिएने ट्रे घेतला आणि ती खांबापाशी आली. रुमाल तिथेच होता. त्याचा मालक मात्र नव्हता. तिने चहूकडे पाहिलं. रांगेत असेल. संडासात गेला असेल. येईलच.

ती ट्रे धरून उभी राहिली.

कडेवर बाळ घेतलेली एक मुलगी जवळ आली. "आजी, ही जागा तुमची का?"

"जागा माझीच. पण रुमाल माझा नाही."

मुलीने रुमालाकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, मान लववली आणि निघून गेली. एक माणूस आला, रुमाल पाहून वळला. एक जोडपं आलं, तेही वळलं. शंभर माणसं जागेसाठी तडफडत होती आणि त्या टेबलाला हात लावायची एकाचीही छाती नव्हती. सुमिएची तरी कुठे होती? गिरणीतही दुसरीच्या टेबलावरच्या कापडाला बोट लावायचं नाही, हे पहिल्या दिवशी शिकवायचे. रुमाल ढकलून बसायचं आणि मग त्याचा मालक येऊन अदबीने काही न बोलता नुसता समोर उभा राहायचा, त्यापेक्षा गुडघे गेलेले परवडले.

वाडग्यात नूडल्स फुगत होत्या. सुपावर साय धरली. तिचे दंड दुखायला लागले, आणि तो न दिसणारा माणूस, बाई असेल नाहीतर बाप्या, तिला इतका नकोसा झाला की तिने त्याला मनातल्या मनात एक चेहराही दिला. गुबगुबीत, वीस वर्षांनी आलेला, गळ्यात कॅमेरा.

शेवटी ती उष्ट्या ट्रेंच्या फळीपाशी गेली आणि उरलंसुरलं ओतायच्या बादलीशेजारी उभ्यानेच खाल्लं. लगदा झाला होता. सूप गार होतं. कोणाचं तरी कोपर लागून थोडं बाहीवर सांडलं. एकेक घास ती रागाने गिळत होती आणि तक्रारींची अख्खी यादी तिच्या जिभेवर तयार होती, पण ती ऐकायला नोरो मोकळी नव्हती. वाडगा परत करताना त्या नव्या मुलीने "धन्यवाद" म्हटलं. सुमिए पाठ फिरवून निघाली.

तिने घरी जायला हवं होतं. पण रुमालवाल्याचं तोंड बघितल्याशिवाय तिचा पाय निघेना.

दोन वाजता सूप संपलं. शटर अर्धं खाली आलं, मॅनेजरने चार वाक्यांचं भाषण केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, डोळे पुसले, पाटीचे फोटो घेतले आणि आले तसे निघून गेले. त्या दोघी मैत्रिणी जाताना सुमिएला हात करून गेल्या. टेबलं रिकामी होत गेली. ती खांबाला टेकून उभी होती. अडीच वाजले. रुमालासाठी कोणी आलं नाही.

कोणी आलंच नाही. अख्खा दिवस ते टेबल अडवून कोणीतरी विसरून निघून गेलं होतं. आता मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. हा रुमाल चौकशीच्या खिडकीवर नेऊन द्यायचा आणि मालक आला की त्याला माझा निरोप सांगा म्हणायचं, निरोप काय तो ती जाता जाता ठरवणार होती. तिने रुमाल उचलला.

सवयीने तिचा अंगठा कडेवरून फिरला आणि कोपऱ्यापाशी थांबला.

एका जागी कापड केसभर जाड होतं. तिने ते दिव्याखाली धरलं. डोळ्यांना काही दिसेना. डोळे मिटून पुन्हा चाचपलं. आठ धागे उभे, आठ आडवे, शेवटचं टोक विणीच्या आत वळवून दडवलेलं. असं टोक दडवणारी बाई गिरणीत एकच होती, ती स्वतः. मग तिला शटरची कडी आठवली.

ती खुर्चीवर बसली. राग अजून तसाच होता, फक्त तो काढायला आता कोणी उरलं नव्हतं. थेंब उडवत खांबाकडे हललेली ती जाळी तिला पुन्हा दिसली. एकदा, दोनदा. म्हातारे, तुला बोटाने दाखवून सांगितलं तरी कळलं नाही.

टोपी काढून, ओले केस कपाळावर चिकटलेली नोरो शटरखालून वाकून बाहेर आली. टेबलावर सुमिएला बघून तिचा चेहरा सैल पडला.

"बसलात ना नीट? गर्दीत मला बघताच आलं नाही." ती समोरच्या खुर्चीवर धपकन बसली. सव्वीस वर्षांत ती या बाजूला पहिल्यांदाच बसत होती. "सकाळी दार उघडायच्या आधीच रुमाल टाकून ठेवला. राखीव म्हणून पाटी लावू देत नाहीत, टेबलं सगळ्या दुकानांची ना. म्हटलं, माझा रुमाल योकोईसानना कळेल. त्यांच्याच हातचं रफू आहे."

सुमिए रुमालाची घडी करत राहिली. घडीवर घडी.

"कसं होतं आज?" नोरोने विचारलं. "सांगून टाका. आज शेवटचं ऐकून घेते."

बाहीवरचा सुपाचा डाग सुमिएने टेबलाखाली सरकवला.

"गरम होतं," ती म्हणाली. "चांगलं होतं."

"आणि चकती?"

"जाड होती."

नोरो तिच्याकडे बघतच राहिली. मग तिने मान खाली घातली आणि एप्रनने बराच वेळ चेहरा पुसला. आत कोणीतरी भांडी आपटत होतं. टेबल हललं नाही.

"हा रुमाल मी नेते," सुमिए उठत म्हणाली. "रफू नीट करायचं राहिलंय."

"कुठे? मला तर काहीच दिसत नाही."

"तेच चुकलंय," सुमिए म्हणाली, आणि रुमाल पिशवीत टाकला.