मामांच्या गाठीला पडलेले मार्क

तपासल्याशिवाय कशावरच विश्वास ठेवायचा नाही, अशी शपथ घेऊन जन्माला आलेला माणूस जगात एकच, आणि तो नेमका माझा मामा. राहणार निमोणे, तालुका शिरूर. ओल्या गोणपाटात गुंडाळून किती मोड येतात ते बघितल्याशिवाय मामा बी पेरत नाहीत, हे एक वेळ ठीक. पण पोरीला रांजणगावच्या कारखान्यातलं स्थळ आलं, तेव्हा नवऱ्या मुलाला त्यांनी आधी दिवसभर कांदे काढायला लावलं. "पगार काय, कुणी बी सांगतंय. कंबर किती टिकती ते बघाय नगं का?" मुलगा टिकला, लग्न झालं. जावई अजूनही कांद्याचं नाव काढलं की कंबर धरतो.

अशा माणसाच्या फुप्फुसात कॅन्सरची गाठ निघाली. पुण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शरीराचीच फौज जागी करून कॅन्सरवर सोडायची इम्युनोथेरपी आहे, पण ती सगळ्यांना लागू पडत नाही; आधी गाठीचा तुकडा आणि रक्त तपासून अंदाज घेऊ. मामा इतके खूश झाले की आजारच विसरले. वर बाईंना बजावलं, "तुकडा चार कोपऱ्यांतनं घ्या. माती तपासाय देताना आम्ही एका जागची देत न्हाई." बाई म्हणाल्या, "मामा, ही सुई आहे, कुदळ नाही."

घात झाला वेटिंगमध्ये. तिथं दौंडचे एक चाचा भेटले, रेल्वेतून निवृत्त, आजार तोच. औषधाला हवी असते ती खूण त्यांच्या गाठीवर ऐंशी टक्के निघाली. मामांच्या गाठीवर शून्य, रक्तातही आशेचं काही नाही. मरणाचं सोडा, शिरूर तालुका दौंडपुढं नापास झाला हेच मामांना सोसेना. "परत तपासा. पेपर बदलला आसंल!"

चाचा हसून म्हणाले, "पाटील, माझ्यातले वीस घेऊन जावा."

"हा अंदाज आहे मामा, निकाल नाही," असं समजावत बाईंनी केमोच्या जोडीनं तेच इम्युनोथेरपीचं औषध सुरू केलं. मग दर खेपेला शेजारशेजारच्या खाटांवर सलाईन लावून दोघं भीमेच्या पाण्यावरून भांडायचे. नर्स दटावून थकल्या.

यंदा मामांची गाठ आटली. चाचांचीही आटली होती, पण पुन्हा उलटली, आणि चाचा गेले. मामा दौंडला मातीला जाऊन आले. इतकी चांगली बातमी, गावात पेढे वाटू म्हटलं, तर नको म्हणाले.

"त्या दौंडवाल्याला जाऊन खिजवलं आसतं रे. आता पास झालो म्हणून सांगायचं कुणाला?"