शनिवारचा डेमो आणि वाय-फायचा ड्रायव्हर

गेल्या शनिवारी सकाळी अकराला माझा डेमो होता. एका ऑनलाइन शाळेसाठी... दहावीचं विज्ञान, वीस मिनिटं, समोर तिघांचं पॅनेल.

यात एवढं काय, असं कुणालाही वाटेल. नवऱ्याची केंद्र सरकारची नोकरी, त्यामुळे आमचं विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. प्रत्येक गावात मी एखादी शाळा धरते, मुलांची नावं पाठ होतात आणि बदलीची ऑर्डर येते. जबलपूर सुटलं, विशाखापट्टणम सुटलं, आता चंदीगडला पोस्टिंग म्हणून शेजारच्या खरड गावात भाड्याने राहतोय.

ही नोकरी मात्र लॅपटॉपबरोबर कुठेही आली असती. लग्नानंतर पहिल्यांदाच, बदली झाली तरी माझं काही सुटणार नव्हतं.

घरात लॅपटॉप एकच. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स, कारण माझा नवरा प्रसाद याच्यासाठी ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांसाठी खुलं सॉफ्टवेअर, हा जवळजवळ धर्म आहे. मी नको म्हणत असताना शुक्रवारी संध्याकाळी त्याने तो अपडेट केला... आणि शनिवारी नऊ वाजता बघते तर वाय-फायचं चिन्हच गायब.

प्रसाद खूश झाला. खोटं नाही सांगत, त्याच्या चेहऱ्यावर ते दिसलं. "वाय-फायचा ड्रायव्हर गेलाय, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम. परत बसवतो. पाच मिनिटांचं काम," असं म्हणून त्याने खुर्ची ओढली.

त्याने स्वतःचा मोबाईल केबलने लॅपटॉपला जोडला. मला वाटलं चार्जिंगला लावलाय. मग स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं धावायला लागली.

"माझ्या फोनचं हॉटस्पॉट घेऊया का?" मी विचारलं. "लॅपटॉपला ते पकडायला वाय-फायच लागतं गं," तो म्हणाला. विज्ञान शिकवणारी बाई मी... मला ते पटलं.

साडेनऊ झाले, दहा झाले. लॅपटॉप रीस्टार्ट केल्यावर एक निळी स्क्रीन आली. नवीन ड्रायव्हरवर विश्वास ठेवायचा का, असं ती विचारत होती, आणि घाईत प्रसादने भलतंच बटण दाबलं. पुन्हा पहिल्यापासून सगळं.

मी इस्त्रीची साडी नेसून पलंगाच्या कडेला बसले होते. प्रकाशाच्या अपवर्तनाच्या स्लाइड्स चार दिवस खपून केल्या होत्या, त्या सगळ्या त्या लॅपटॉपमध्ये. पावणेअकराला मी म्हटलं, "राहू दे आता." त्याने मान वरसुद्धा केली नाही. "झालंच."

अकरा वाजून बारा मिनिटांनी मी स्वयंपाकघरात जाऊन माझ्या फोनवरूनच जॉइन झाले. फोन साखरेच्या डब्याला टेकवला आणि पाण्याच्या ग्लासात पेन्सिल बुडवून अपवर्तन शिकवलं. बरं जमत होतं... तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून प्रसाद ओरडला, "आलं, वाय-फाय आलं." तिघांनीही ऐकलं.

पॅनेलवरच्या मॅडम चांगल्या होत्या. म्हणाल्या, "मॅडम जी, पढ़ाती तो आप बहुत अच्छा हैं. पर हमें स्टेबल सेटअप चाहिए." संध्याकाळी तेच इंग्रजीत मेलने आलं.

पण मनाला खरं लागलं ते त्याच दिवशी दुपारी जेवताना. आमची मुक्ता दहावीत आहे, मराठी सगळं समजतं, बोलते हिंदीत. मी म्हटलं, नेटच नव्हतं, त्याला कोण काय करणार... तर ती सहज म्हणाली, "नेट तो था मम्मा. पापा का फोन केबल से लगा था ना. ड्राइवर उसी से तो डाउनलोड हुआ."

मी प्रसादकडे बघितलं. "म्हणजे त्या केबलवर मला डेमो देता आला असता?"

"आला असता," तो म्हणाला. "पण ते तात्पुरतं होतं. मग ड्रायव्हर तसाच राहिला असता."

मला राग आला, पण त्याहून जास्त एकटं वाटलं. दोन तास हा माणूस माझ्यासाठी झटतोय असं समजून मी गप्प बसले होते. त्याला चहासुद्धा नेऊन दिला होता.

सॉरी म्हणाला तो, दोनदा. मनापासून म्हणाला, हेही सांगते. तो वाईट माणूस नाही... फक्त बिघाड दिसला की त्याला माणूस दिसेनासा होतो.

रविवारी त्याने लिनक्सच्या ग्रुपवर भलीमोठी पोस्ट लिहिली. त्या निळ्या स्क्रीनवर काय दाबायचं, काय नाही, सगळं फोटोसकट. लष्कराच्या भाकऱ्या भाजण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. काल कौतुकाने मला कमेंट्स दाखवायला आला... कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी आभार मानले होते. एकाने लिहिलं होतं, इतक्या आपुलकीने आजवर कुणी मदत केली नव्हती.

मी सगळ्या कमेंट्स वाचल्या. त्या लोकांबद्दल माझी काही तक्रार नाही, त्यांचं काम झालं याचा आनंदच आहे. पुढच्या वेळी अडले की मीही दुसऱ्या नावाने त्या ग्रुपवरच विचारणार आहे. कमेंट्समध्ये दिसलं, तिथे तो प्रत्येकाला आधी विचारतो, तुम्हाला नेट किती वाजता हवंय.