अमेरिकेच्या मंत्रिमंडळाचं गाऱ्हाणं

नववीच्या वर्गात अमेरिकेच्या पहिल्या अध्यक्षाचं मंत्रिमंडळ बसवायचं, ही अक्कल माझीच. सरळ फळ्यावर लिहून शिकवलं असतं तर काय बिघडलं असतं? पण मी तेवीस वर्षांची, मालवणच्या शाळेत नुकती लागलेली. अंगात मस्ती, दुसरं काय!

त्या दिवशी तपासणीला साहेब येणार होते. त्यांचा शेरा चांगला आला तर मी नोकरीत कायम, नाहीतर तळेऱ्याला घरी. बाबांनी बजावलंच होतं, "कायम झालंस तर बरा. नायतर लग्नाक वेंगुर्ल्याचो एक झिलगो बघून ठेवलंय." तो झिलगो मी पाहिला होता. मला कायमच व्हायचं होतं.

मंत्री चारच होते. परराष्ट्र, खजिना, युद्ध आणि कायदा. परराष्ट्रवाला आणि खजिनेवाला यांचं खरोखरच हाडवैर होतं, म्हणून वर्गातले सगळ्यात भांडखोर दोघे मी तिथे नेमले. अध्यक्ष केलं एका उंच मुलीला, कारण तिचा आवाज बंदरापर्यंत जायचा. भाषणं चोख घोकून घेतली. सभा सुरू कशी करायची, ते मात्र सांगायचं राहिलं.

साहेब मागच्या बाकावर बसले. चष्मा, कोट, बोलणं एकदम पुस्तकी. इकडे दोन्ही मंत्री वर्गातल्या हात असलेल्या एकुलत्या एका खुर्चीसाठी ओढाओढी करत होते.

"अगं, सुरू कर की सभा!" मी दात खाऊन म्हटलं.

अध्यक्षीणबाईंनी चपला काढल्या आणि हात जोडले. तिच्या गावात देवळातली बैठक असो की नवी होडी पाण्यात लोटायची असो, आधी गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने साकडं. तिचे आजोबाच ते घालायचे. पोरीला सगळं तोंडपाठ.

"बा देवा म्हाराजा! आज अमेरिकेची ही लेकरां तुझ्या पायाकडे इली आसत, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मंत्रिमंडळ ओरडलं. खुर्ची सुटली.

"ह्या दोन मंत्र्यांचा भांडान मिटय, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता अख्खा वर्ग.

"आणि इंग्लंडचो राजा परत वाकड्या नजरेन बघीत, तर तेची नजर तुझ्या पायाकडे ठेव, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

यातला एक आवाज जाडजूड होता आणि मागच्या बाकावरून आला होता. मी वळून बघायचं धाडस केलं नाही. मेले, संपलं, एवढंच डोक्यात. पुढची भाषणं झाली ती मला ऐकूसुद्धा आली नाहीत.

तास संपल्यावर साहेबांनी मला हेडमास्तरांच्या खोलीत बोलावलं. शेऱ्याची वही उघडी होती.

"पाठ जिवंत होता," ते गंभीरपणे म्हणाले. "परंतु एक गंभीर चूक आढळली."

माझ्या डोळ्यांसमोर वेंगुर्ल्याचा झिलगो उभा राहिला. रडूच कोसळायचं बाकी होतं.

साहेबांनी दाराकडे पाहिलं, कुणी नाही अशी खात्री केली, आणि सही ठोकत हळूच म्हणाले, "नारळ ठेवल्याशिवाय गाऱ्हाणा घालतत काय गो बाय?"