डावीकडून येणारा शंख

"दिसत नाही म्हणजे दिसत नाही," ती तिसऱ्यांदा म्हणाली, आणि समोरच्या दाढीवाल्या प्रोग्रामरनेही तिसऱ्यांदा खुर्ची मागे ढकलली. तो म्हणत होता की मावशी, दोन दिवस मी हेच तपासतोय, शंख जागेवर आहे. ती म्हणत होती की मग मला काय स्वप्न पडतं का? वाद सुरू होऊन पाऊण तास झाला होता आणि शेजारच्या टेबलांवरची मंडळी आता मान खाली घालून नुसती ऐकत होती.

हा शंख गोगलगायीचा. कंपनीच्या उड्यांच्या व्हिडिओ गेममध्ये तो पहिल्या भागापासून आहे. गोगलगायीवर उडी मारली की ती शंखात दडते. तो उचलायचा आणि फेकायचा. वाटेतले शत्रू उडतात, पण भिंत लागली की शंख तसाच परत फिरतो, आणि वेळेवर उडी मारली नाही तर फेकणाऱ्यालाच पाडतो. आता सहावा भाग तयार होत होता आणि पाचही भागांतला प्रत्येक शंख हिच्या हातून गेला होता. त्याआधी ती एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. छापखाना बंद पडला तेव्हा या लोकांना चुका काढणारं चिकट माणूस हवं होतं. घरी सासूबाई शेजारणीला अगदी गंभीर चेहऱ्याने सांगत, आमची सूनबाई दिवसभर गोगलगायी फेकते, संध्याकाळी दमून येते बिचारी.

काम ऐकायला गमतीचं वाटे, पण जीव काढणारं होतं. प्रत्येक भिंतीवर शंख तीन प्रकारे फेकायचा: उभं राहून, बसून, उडी मारता मारता. शंख जाताना ती मनात मोजायची. एक, दोन, अडीच, आणि उडी. बर्फावर साडेतीन. नवी पोरं तिच्या मागे उभी राहून बघत, कारण तिला शंख लागलेला कुणी पाहिलाच नव्हता.

या भागात दाढीवाल्याने शंखाचा वेग वाढवला. डावीकडे फेकलेला शंख तिला दिवसातून वीस-वीस वेळा लागू लागला. तिने तक्रार लिहिली: डाव्या भिंतीवरून परतणारा शंख पडद्यावर उमटत नाही, एकदम अंगावर येतो.

वाद मिटेना तेव्हा दाढीवाल्याने तिच्याच खेळाचं चित्रीकरण तिच्यापुढे लावलं. "बघा. तुम्हीच खेळताय." ती बघू लागली. बाहुला मध्ये उभा, शंख डावीकडे गेला, नाहीसा झाला, आणि बाहुला आडवा. "बघ," ती म्हणाली, "आहे कुठे?" तो तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने चित्र थांबवलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. बोट बघायला तिने मान वळवली. बोटाखाली शंख होता, चांगला हाताच्या पंजाएवढा, पिवळाधमक. मान सरळ केली, तसा शंख गेला आणि बोटही गेलं.

तिने तक्रार मागे घेतली. चष्म्याचा नंबर बदलला असेल, असं काहीतरी पुटपुटली. दाढीवाला सुटल्यासारखा हसला आणि म्हणाला, मावशी, मला तर वाटलं माझीच नोकरी जाते.

जिन्यावर तिने एक डोळा झाकून पाहिला, मग दुसरा. डावा झाकला की डावीकडच्या भिंतीवरचं घड्याळ दिसे, पण उशिरा. उजवा झाकला की घड्याळच नाही. भिंत होती, नुसती भिंत, आणि भिंतीत काही कमी आहे असं वाटतही नव्हतं. तिला त्याचीच सगळ्यात भीती वाटली. अंधार असता तर निदान कळलं असतं. म्हणजे आजवर ती शंख बघून उडी मारतच नव्हती. मोजून मारत होती. किती वर्षं, कुणास ठाऊक.

तिचे वडील शिंपी होते. ते दाराच्या चौकटीला खांदा आपटत, पेला ठेवायला जात आणि टेबलाच्या कडेवरून खाली सोडत. आई त्यांना धांदरट म्हणायची आणि ही मुलगी त्यांच्या चालीची नक्कल करून सगळ्यांना हसवायची. काचबिंदू आहे हे कळलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखता येते. लवकर यायला हवं होतं. नंतर उघड झालं की बाबांना दोन वर्षं शंका होती आणि ते भीतीने गेले नव्हते. शेवटी शेवटी ते सुई हातात धरून नुसते बसून राहत.

हे सगळं माहीत असून ती अकरा दिवस डॉक्टरकडे गेली नाही. तपासलं नाही तोवर आजाराला नाव नाही, असं काहीतरी तिच्या मनाने धरलं होतं. ऑफिसात तिने खुर्ची तिरकी केली आणि मान डावीकडे वळवून काम रेटलं. नव्या वेगाचे आकडेही बसवले: एक, दोन, उडी. घरी ती भिंतीच्या कडेने, डावा हात किंचित पुढे ठेवून चालू लागली. नवऱ्याने विचारलं तर म्हणाली, मान आखडलीय. त्याने मलम आणून दिलं. रोज संध्याकाळी सासूबाई ते तिच्या धडधाकट मानेला चोळत आणि ती डोळे मिटून बसे, कारण मिटलेल्या डोळ्यांनी सगळ्याच बाजू सारख्या वाटत.

बाराव्या दिवशी संध्याकाळी बटाटे उकडून झाले. तिने दोन्ही हातांत फडकी धरून भांडं उचललं आणि पाणी ओतायला डावीकडे मोरीशी वळली. भांडं कशाला तरी धडकलं. मुलगी किंचाळली. बारा वर्षांची पोर मोरीपाशी पेला विसळत उभी होती. बरंचसं पाणी फरशीवर गेलं, थोडं तिच्या मनगटावर. बटाटे घरभर घरंगळले.

नवरा धावत आला. त्याने पोरीचा हात नळाखाली धरला. चट्टा रुपयाएवढाच होता. सासूबाई म्हणत होत्या, तूच मध्ये कडमडलीस, आई भांडं घेऊन येतेय हे दिसत नाही का?

"मी मध्ये नव्हते," मुलगी रडत म्हणाली. "मी आधीपासून इथेच होते. आई, तू माझ्याकडे बघूनच वळलीस."

ती भिंतीला टेकून उभी होती. तिने मान सरळ ठेवून मोरीकडे पाहिलं. नवरा दिसत होता, नळ दिसत होता. पोरीचं रडणं अगदी जवळून येत होतं आणि पोर नव्हती. मान वळवली, तेव्हा होती.

तिने फडकी ओट्यावर ठेवली आणि गॅस बंद केला. नवरा म्हणाला, अगं, होतं असं, हात पोळलाय नुसता, तू बस.

"मला डाव्या बाजूचं दिसत नाही," ती म्हणाली. "बाबांसारखं. अकरा दिवसांपासून माहीत आहे मला." सासूबाईंच्या हातात एक बटाटा होता, तो त्यांनी तसाच धरून ठेवला.

"उद्या सकाळी मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणार आहे. तुम्ही सोबत यायचं, आणि हिलाही घ्यायचं, हिचेही डोळे तपासायचे. आजपासून गॅसपाशी मी उभी राहणार नाही."